एकतिसावी शाल

शाल दिसली की मले मळमळते. खोटं नाई सांगत. कोणी कोणाच्या खांद्यावर शाल टाकून राह्यलं, नारळ हातात कोंबून राह्यलं, अन् दोघंबी माह्या कॅमेऱ्याकडं पाहून दात काढून राह्यले, की माह्या पोटातून आंबट पाणी वर येते. बावीस वर्षं झाली या धंद्यात. बाजारहत्नूरात 'दौलत फोटोवाला' म्हटलं की शेंबडं पोट्टंबी माहं दुकान दाखवते. या बावीस वर्षांत मी नवरदेव कमी अन् शाली जास्त काढल्या.

पण ही गोष्ट एकाच रविवारची हाय, मागच्या फेब्रुवारीतली. अन् साक्षीची हाय.

साक्षी आमच्याच गल्लीतली, दहावीची पोट्टी. काडीसारखी बारीक, हात मात्र गुडघ्यापर्यंत लांब. चालताना पाह्यली तर वाटते हवेनं पडेल. पण कबड्डीत 'कबड्डी कबड्डी' करत समोरच्यायच्या अंगणात शिरली की सात जणी तिच्या मागं धावतात अन् हातात वारा येते. यंदा जिल्ह्याच्या स्पर्धेत जी टीम जिंकेल ती राज्याच्या खेळाले हैदराबादले जाणार होती, अन् तिथं क्रीडा वसतिगृहाचे लोक पोरी निवडाले येतात. निवडलं की राहणं, खाणं, इंटरचं म्हणजे अकरावी-बारावीचं शिक्षण, सगळं तिथंच. पुढच्या वर्षी साक्षीचं वय निघून जात होतं. म्हणजे हे एकच साल.

सामन्याच्या आठ दिवस आधी ती अन् चारुलता मॅडम दुकानात आल्या. मॅडम तिच्या शाळेच्या पीईटी, खेळाच्या बाई. "दौलतभाऊ, कमिटीनं फोटोचं काम तुमालेच दिलं म्हणे," मॅडम म्हणाल्या. "हिचा रेड टाकतानाचा, चढाईचा, एक धड फोटो काढा. फॉर्मले लावाले कामी येईल."

"जयभीम काका," साक्षी म्हणाली, अन् मोबाईल पुढं केला. "हे पाहा. सगळ्या फोटोत मी नुसती धूळ."

पाह्यलं तर खरंच. मागं भिंत ठळक, झाड ठळक, अन् मधातून एक पिवळा फराटा गेलेला. तो फराटा म्हणजे साक्षी.

"अवं, मोबाईलनं काय होते?" मी म्हणालो. "तू किती बी पळ. मी तुले धरतो. पळत्या सशाच्या मिशा मोजून देईन, तू तं माणूस हायस."

उचलली जीभ लावली टाळ्याले, दुसरं काय. पण त्या दिवशी मले खरंच येत होतं ते. सांगतो कसं. पळता माणूस अंधाऱ्या उजेडात धरायचा असला तर लांबची लेन्स लागते, सत्तर-दोनशे, मोठ्या तोंडाची. ती मैदानाबाहेरून माणसाले जवळ आणते अन् उजेडबी पोटभर घेते. दुसरा फ्लॅश. लोकायले वाटते फ्लॅश जितका मोठा मारला तितका फोटो चांगला. नाई. पूर्ण ताकदीनं मारला तर झटका लांबते, फ्लॅश तापते अन् पुन्हा भराले चार-पाच सेकंद खाते. आठव्या हिश्श्यावर ठेवला तर झटका बारीक पडते, हवेतला हात हवेतच थिजते, अन् लगेच दुसरा माराले तयार. मी तर बांबू आणून ठेवला होता. फ्लॅश उंच बांधायचा, तोंड जरा वाकडं, म्हणजे पोरीयच्या डोळ्यात जाणार नाई. पेन्सिल सेलचे तीन संच, बारा सेल, रातभर चार्ज केले. बायको म्हणाली, "कोणाचं लग्न हाय काय एवढं?" मी म्हणालो, "लग्नापेक्षा मोठं काम हाय."

रविवारी सामना चार वाजता होता. मी तीनले गेलो. बांबू रोवला, मधल्या रेषेच्या बरोबर टोकावर जागा धरली, कारण रेडरचा जीव त्या रेषेवरच असते. तेवढ्यात कमिटीचे अध्यक्ष वामनराव आले. पांढरा शर्ट, शर्टाले मोराएवढा बिल्ला.

"दौलतराव, हे बांबू काऊन गाडले? स्टेज तिकडं हाय."

"खेळ इकडं हाय ना."

"खेळ चालतेच हो. पाहुणे रोज येतात काय? स्टेज पूर्ण आलं पाहिजे, पंधराच्या पंधरा माणसं. कोणी कापला गेला तर मले फोन करतो तो."

झालं. बांबूवरचा फ्लॅश काढला अन् कॅमेऱ्यावर चढवला. सत्तर-दोनशे पिशवीत गेली, रुंद लेन्स लागली. पंधरा माणसं मावाले मागं सरा लागते, अन् मागं सरलं की फ्लॅश पूर्ण ताकदीवर. अन् सत्कार सुरू झाले.

अबाबाबा! काय सांगू त्या सत्काराचं! आमच्याकडं एक माणूस तीन भाषांत मोठा असते. आधी तेलुगूत 'सन्मानम', मंग मराठीत सत्कार, मंग शहराच्या व्यापाऱ्यायसाठी हिंदीत. माईकवर वामनरावचा पुतण्या पियुष, बी.टेक. झालेला अन् तेव्हापासून घरी असलेला. प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, सन्माननीय पाहुणे, स्टेज देणारा, तंबू देणारा, पाण्याचे कॅन देणारा, कॅन देणाऱ्याचा साडू. प्रत्येकाचा फोटो तीनदा, कारण पहिल्यात डोळे मिटतात अन् दुसऱ्यात नारळ तोंडापुढं येते.

अन् शाली? शाली होत्या नऊ. माणसं तीस. शाल खांद्यावर पडली, फोटो निघाला, पाहुणा खुर्चीत बसला की मागून एक कार्यकर्ता हळूच शाल काढून न्यायचा, घडी करायचा, अन् तीच पुढच्याले. मी लेन्समधून जवळून पाह्यतो ना, मले सगळं दिसते. एका शालीले मानेच्या जागी काळा मिचकूट कलपाचा डाग. एकीवर तंबाखूच्या खर्ऱ्याची लाल पिचकारी सुकलेली. तीच शाल घामेजल्या मानेवरून दुसऱ्या घामेजल्या मानेवर, अन् सगळे अशे खुश जसा मुकुटच चढला. शी! मले वाटे, एकदा तरी एकानं वास घ्यावा त्या शालीचा.

पोरी तिकडं मैदानात उकिडव्या बसून राह्यल्या. चार वाजले, पाच वाजले. अंगातला वॉर्म-अप थंड झाला. चारुलता मॅडमनं दोनदा वामनरावले सांगतलं, तिसऱ्यांदा हात जोडले. वामनराव म्हणाले, "मॅडम, तुमचाबी सत्कार ठेवला हाय ना!" गाढवापुढं वाचली गीता.

साडेपाचले सामना लागला. तोवर माह्या बारातले आठ सेल मेले होते. मी धावत येऊन फ्लॅश बांबूवर बांधला, शेवटचा संच घातला, लांब लेन्स चढवली. अन् पहिला हाफ जो खेळल्या पोरी! उटनूरची टीम म्हणजे काई साधी नाई, एकेक पोरगी बाभळीच्या खोडासारखी. पण साक्षीनं त्यायले नाचवलं. मी दोन फोटो काढले असे की आजबी पाह्यले तर बरं वाटते. घामाचा थेंब हवेत, वेणी हवेत, समोरचीचा हात चार बोटं मागं. मी मनात म्हटलं, हे घे, ही हाय साक्षी, धूळ नाई.

दुसऱ्या हाफात दिवस बुडाला. दोन हॅलोजन होते, एक लावलं तर दुसरं विझायचं. उटनूर अठ्ठावीस, आमी सत्तावीस. वेळ उरली अर्धं मिनिट, म्हणजे एकच रेड. साक्षीची रेड होती. लोक उभे राह्यले.

अन् माईक कडाडला. "थांबा! थांबा! पंचांना विनंती!"

पंच होते नागेश सर, सरळ माणूस. त्यायनं घाबरून शिट्टी मारली. मले वाटलं कोणाले साप चावला. तर काय, प्रमुख पाहुण्यायले एका लग्नाले जायचं हाय, म्हणून उरलेले सत्कार आत्ताच उरकून घेऊ.

अर्धं मिनिट उरलं असताना! सांगा, कोणत्या देशात होते हे? पाहुणे स्टेजवरून उतरले, अन् चपला, बूट घालून, मैदानातून, मधल्या रेषेवरून, आरामात चालत पलीकडच्या तंबूत गेले, गाड्या तिकडं उभ्या होत्या म्हणून. चुन्याची पांढरी रेषा फसाफसा तुडवली. चुना सगळ्या मैदानभर झाला. चारुलता मॅडमच्या डोळ्यात पाणी आलं रागानं. मी फ्लॅश काढला बांबूवरचा, रुंद लेन्स लावली, अन् शिव्या घालत गेलो. तोंडातल्या तोंडात. मोठ्यानं घालाची छाती नाई आपली.

चौघायच्या शाली झाल्या. फ्लॅशले हात लावला तर तव्यासारखा. मी निघालोच होतो मैदानाकडं. तेवढ्यात पियुष माईकवर म्हणाला, "अन् आता आपल्या मातीतले कलावंत! पळत्या सशाच्या मिशा मोजणारे! ज्यांच्या कॅमेऱ्यातून वाराही सुटत नाही, असे आपले लाडके दौलतराव!"

त्या मिशांची गोष्ट मीच सांगत फिरतो ना गावभर.

आता खरं बोलायचं तर इथं बोला लागते. मले 'नको' म्हणता आलं असतं. पोरी उभ्या होत्या, सेल संपत आले होते, मले सगळं माहीत होतं. दुसऱ्या कोणाले माहीत नसेल, मले होतं. पण बावीस वर्षांत माहं नाव माईकवर कोणी घेतलं नव्हतं. तीन भाषांत तर नाईच. मी खिशातून कंगवा काढला. हो, काढला. केस बसवले. कॅमेरा पियुषच्या हातात दिला अन् म्हणालो, "हे बटण."

प्रमुख पाहुण्यायनं शाल टाकली. कलपाच्या डागाचीच होती. मले तिचा वास आला, खर्ऱ्याचा अन् घामाचा अन् कोणाच्या तरी तेलाचा. अन् मी दात काढले. पियुषनं बटण दाबलं ते सोडलंच नाई, फटफटफट, दहा-बारा निघाले. मंग तो थांबला, अन् मी, ह्या तोंडानं, त्याले म्हणालो, "अजून एक घे रे, डोळे मिटले असतील."

घेतला त्यानं अजून एक.

तिकडं शिट्टी झाली. कोणी कोणाची वाट पाहते? साक्षीची रेड सुरू झाली. मी कॅमेरा हिसकला अन् धावलो. बांबूवर बांधाले वेळ नाई, लेन्स बदलाले वेळ नाई, खांद्यावरची शाल काढालेबी वेळ नाई. रेषेच्या टोकाले गुडघ्यावर पडलो. साक्षी आत होती. एकीले हात लावला, वळली, दुसरीनं घोटा धरला, तिसरी कंबरेले पडली, पहिली पाठीवर. तिघीयले ओढत ती रेषेकडं सरकून राह्यली, तोंडानं कबड्डी कबड्डी चालूच. रेषा शिवली तर तीन गुण अन् सामना आमचा. नाई शिवली तर आऊट. तिनं तो लांब हात फेकला. मी बटण दाबलं.

फ्लॅश पडला नाई.

कट्ट करून शटर वाजलं, बस. मागच्या पडद्यावर लाल खूण लुकलुकत होती, तापल्याची. दुसरा घ्यालेबी वेळ नाई. तोवर सगळ्या जमिनीवर एकावर एक पडल्या होत्या अन् धूळ वर उठली होती.

"शिवली!" आमचे ओरडले. "नाई शिवली!" उटनूरचे ओरडले.

नागेश सर मधात उभे राह्यले. "मले दिसलं नाई," ते म्हणाले. "तिघी आडव्या होत्या. खोटं नाई बोलत." एरवी साधी गोष्ट असते, रेषा शिवली की पंज्याले चुना लागते. सरनं साक्षीचा हात पाह्यला. चुना होता. पण मंग उटनूरच्या पोरीयनंबी हात दाखवले, त्यायलेबी चुना. पाहुण्यायच्या चपलांनी सगळं मैदानच पांढरं केलं होतं.

तेव्हा वामनरावले माहा साक्षात्कार झाला. "अरे, दौलतराव हाय ना! वारा सुटत नाई त्यांच्या कॅमेऱ्यातून! फोटो पाहा, अन् फोटो म्हणेल ते खरं."

दोन्ही टीम, पंच, मॅडम, पाहुणे, सगळे माह्याभोवती. मी कॅमेरा छातीशी धरला. नागेश सरनं हळूच घेतला.

फोटोत काय होतं सांगू? रुंद लेन्स, अख्खं मैदान आलेलं. फ्लॅशच्या भरवशावर शटर संथ ठेवलं होतं, अन् फ्लॅश नाई, म्हणून जे हललं ते सगळं पुसलं गेलं. तिघी पोरी म्हणजे एक राखाडी ढीग. त्यातून एक पिवळा फराटा रेषेकडं गेलेला, अन् तो कुठं संपला ते देवालेबी सांगता येणार नाई. मागं तंबूत ट्यूबलाईटखाली पाहुणे बसलेले, ते मात्र आरशासारखे. प्रमुख पाहुणे मोबाईल पाहून राह्यले, त्यायची अंगठीसुद्धा ओळखू येते. कारण ते हललेच नव्हते ना.

"यात काईच नाई," नागेश सर म्हणाले.

"दौलतभाऊ," चारुलता मॅडमचा आवाज फाटला होता, "तुमी तं समोरच होते. डोळ्यानं काय पाह्यलं?"

तुमाले वाटेल, फोटोवाल्यानं सगळं पाह्यलेलं असते. उलटं हाय. माह्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आत आरसा उचलते अन् डोळ्यापुढं अंधार होते. ज्या क्षणाचा फोटो निघते, नेमका तेवढाच क्षण मले दिसत नाई. हात रेषेच्या वीतभर अलीकडं पाह्यला मी. मंग काळं. मंग धूळ. 'शिवली' म्हणालो असतो तर? म्हणावं वाटलं, जीभ टाळ्यापर्यंत आली. पण नागेश सरसारखा माणूस समोर 'मले दिसलं नाई' म्हणून उभा होता.

"नाई पाह्यलं," मी म्हणालो.

साक्षी तोवर उठली होती. कोपर सोललेलं, ओठावर माती. ती सरजवळ आली अन् कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकली. त्या पिवळ्या फराट्यावर बोट ठेवलं.

"हा माहा हात हाय," ती म्हणाली. "मी शिवली, सर."

"असेल ग, पण मले दिसलं नाई..."

"याच्या मागचा पाह्यू? एखाद्यात दिसेल." अन् मी 'थांब' म्हणायच्या आत तिनं बाण दाबला.

मागचा फोटो आला. लखलखीत. केस बसवलेले, दात बाहेर, एकेक मिशी मोजून घ्यावी असा ठळक. खांद्यावर शाल, शालीवरचा डागबी ठळक. मी. 'अजून एक' म्हणून मागून घेतलेला.

तिनं पडद्यावरच्या मले पाह्यलं. मंग वर तोंड करून मले पाह्यलं. शाल तशीच होती खांद्यावर. त्या मागच्या कार्यकर्त्यालेबी न्यायचं सुचलं नव्हतं.

"हा चांगला आला, काका," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं.

सरनं नियमानं आऊट दिलं. एकोणतीस-सत्तावीस, उटनूर जिंकलं. प्रमुख पाहुणे लग्नाले गेलेच नाई, ढाल द्याले थांबले. दुसऱ्या दिवशी वामनरावचा फोन, "तो शेवटचा फोटो मोठा करून द्या हो, पाहुणे फार झकास आले. खालचं ते धुळीचं कापून टाका." मी फोन ठेवला अन् मोरीत जाऊन ओकलो. खरंच ओकलो. बायकोले वाटलं सत्कारातली भजी बाधली.

लोकायच्या शालीयवर मी बावीस वर्षं थुंकलो. मनातल्या मनात सगळ्यायची किळस केली, एकेकाच्या खांद्यावरचे डाग मोजले. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाह्यचं वाकून, ते हेच. त्या तीसजणात अन् माह्यात एवढाच फरक की त्यायले माहीत नव्हतं, अन् मले माहीत होतं.

जूनमधे साक्षी दुकानात आली. एकटीच. "जयभीम काका. पासपोर्ट साईजचे पाहिजे. शिवणाच्या क्लासचा फॉर्म भराचा हाय."

"अन् इंटर?"

"पाहू," ती म्हणाली. "आधी हे."

मी तिले स्टुलावर बसवलं. मागं निळा पडदा. हनुवटी जरा खाली घे म्हटलं, तिनं घेतली. ते लांब हात मांडीवर ठेवले अन् अशी बसली, पापणीबी हलवली नाई. मले बोलाचं होतं काईतरी. चार महिन्यांपासून जुळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "हलू नको."

बटण दाबलं. दोन्ही फ्लॅश एकदम पडले, खोली पांढरी झाली.

"आज पडला," साक्षी म्हणाली, अन् ओढणी सारखी करून स्टुलावरून उठली.